पहिला प्रयोग कोणता? : मराठी नाट्यप्रयोगांच्या आरंभीच्या तिथींची चिकित्सा

१

नाटकाच्या इतिहासकारापुढे जी साधने असतात, त्यांत छापील संहिता सर्वांत सुलभ आणि प्रयोग सर्वांत दुर्लभ होय. ग्रंथ आपले वर्ष मुखपृष्ठावर वागवितो; प्रयोग मात्र पडदा पडताच नाहीसा होतो आणि मागे उरतात ती जाहिरात, हस्तपत्रक, वृत्तपत्रातील चार ओळी, मंडळीच्या हिशेबाची वही आणि वृद्ध नटाची आठवण. असे असूनही मराठी रंगभूमीविषयीच्या लेखनात प्रयोगाची तारीख ग्रंथाच्या वर्षाइतक्याच निःशंकपणे सांगितली जाते. ती कोठून आली, कोणी प्रथम नोंदविली, प्रयोगानंतर किती वर्षांनी नोंदविली, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर तिच्यासोबत क्वचितच आढळते. एका पुस्तकातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात उतरलेली तारीख तीन साक्षीदारांची ठरत नाही. साक्षीदार एकच राहतो, फक्त त्याचा आवाज मोठा होतो.

हा विषय केवळ कालगणनेचा असता तर तो परिशिष्टात टाकून मोकळे होता आले असते. परंतु संगीत नाटकाचे जनकत्व कोणाचे, अमुक नाटक कोणत्या घटनेचे रूपक आहे, अमुक नाटककाराला प्रेक्षकांच्या प्रतिसादानुसार संहितेत फेरफार करता आले की नाही, हे सगळे वाङ्मयीन निर्णय शेवटी प्रयोगाच्या तारखेवर विसंबून असतात. तारीख सैल असली की तिच्यावर उभारलेली मीमांसाही सैल होते. प्रस्तुत लेखात काही परिचित तारखा तपासून एवढेच दाखवावयाचे आहे की, ‘पहिला प्रयोग’ ही वस्तुस्थिती म्हणून मांडण्यापूर्वी ‘कशाचा पहिला’ या प्रश्नाचा निर्णय करावा लागतो आणि तो निर्णय टीकेच्या क्षेत्रातला असतो.

२

आरंभ अर्थातच विष्णुदास भावे यांच्यापासून होतो. सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले आणि त्याचे वर्ष १८४३ मानले जाते. या वर्षाचा मुख्य आधार भाव्यांनीच उत्तरायुष्यात केलेले निवेदन हा आहे. त्यांचा ‘नाट्यकवितासंग्रह’ १८८५ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे प्रयोग आणि निवेदन यांत सुमारे चार दशकांचे अंतर पडते. प्रत्यक्ष कर्त्याची साक्ष म्हणून तिचे मोल मोठे आहे यात शंका नाही. तथापि वर्ष स्मरणात राहणे आणि दिवस स्मरणात राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९४३ मध्ये सांगलीस रंगभूमीची शताब्दी साजरी झाली आणि ५ नोव्हेंबर हा दिवस रंगभूमी दिन म्हणून महाराष्ट्रात पाळला जातो. समाजाने उत्सवासाठी एखादा दिवस नेमावा हे योग्यच आहे. परंतु उत्सवाचा दिवस आणि प्रयोगाचा दिवस ही दोन भिन्न जातींची विधाने आहेत. पहिल्याला संमती पुरते, दुसऱ्याला पुरावा लागतो. संशोधनपर लेखनात पहिल्याच्या बळावर दुसरे विधान करणे हा तर्काचा दोष होय.

याच्या उलट स्थिती १८५३ मधील मुंबईच्या प्रयोगांची आहे. भाव्यांच्या मंडळीने त्या वर्षी मुंबईत ग्रँट रोडवरील नाट्यगृहात तिकीट लावून खेळ केले आणि त्यांच्या जाहिराती तत्कालीन इंग्रजी वृत्तपत्रांत आल्या. दहा वर्षांतच पुराव्याची जात बदलते, याचे कारण नाटकाच्या अर्थव्यवहारात आहे. दरबारात होणाऱ्या खेळाला जाहिरातीची गरज नसते. त्याची खूण राहिलीच तर ती बिदागीच्या नोंदीत, दप्तराच्या एखाद्या पानावर राहते. तिकिटावर चालणाऱ्या खेळाला मात्र दिवस, वेळ, स्थळ व दर जाहीर केल्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून सांगलीच्या प्रयोगासाठी दप्तर धुंडाळावे आणि मुंबईच्या प्रयोगासाठी वृत्तपत्र, असा साधनविवेक अभ्यासकाने पहिल्यापासून बाळगला पाहिजे. तरीही जाहिरात ही प्रयोग ठरल्याची साक्ष असते, प्रयोग झाल्याची नव्हे. नट आजारी पडतो, पाऊस लागतो, नाट्यगृहाचा मालक अडून बसतो आणि जाहीर झालेला खेळ पुढे जातो. प्रयोगानंतर छापलेला अभिप्राय हाती आल्याखेरीज जाहिरातीच्या तारखेपुढे ‘नियोजित’ हा शब्द लिहिणे इष्ट होय.

३

दुसरे उदाहरण ‘संगीत शाकुंतल’चे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या या नाटकाचा पहिला प्रयोग पुण्यास आनंदोद्भव नाट्यगृहात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी झाला, ही मराठी रंगभूमीच्या इतिहासातील सर्वाधिक उद्धृत तारीख असावी. ती पंचांगाच्या कसोटीस उतरते. तो दिवस रविवारचा, शके १८०२ मधील आश्विन वद्य पक्षाच्या अखेरचा, म्हणजे दिवाळीच्या तोंडावरचा. नव्या खेळासाठी असा दिवस निवडला जाणे स्वाभाविक दिसते. वार, तिथी आणि इंग्रजी तारीख यांचा मेळ बसला म्हणजे तारीख सिद्ध झाली असे नव्हे. मेळ न बसल्यास मात्र तिघांपैकी काहीतरी चुकले आहे हे निश्चित कळते. ही कसोटी दोष शोधणारी आहे, सत्य प्रस्थापित करणारी नाही, हा भेद विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा. त्यातही खेळ रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालत असे. इंग्रजी तारीख मध्यरात्री पालटते, पंचांगाचा दिवस सूर्योदयाला. एका दिवसाची तफावत दिसताच दोन साधनांपैकी एकाला खोटे ठरविण्यापूर्वी हा फरक जमेस धरावा.

साक्षीदारांचाही विचार येथे करावा लागतो. पुण्यातील प्रयोग म्हटला की अनेकांचा हात ‘केसरी’कडे वळतो, परंतु ‘केसरी’चा जन्मच ४ जानेवारी १८८१ चा. ऑक्टोबर १८८० च्या प्रयोगाविषयी ‘केसरी’त काही सापडलेच तर ते मागाहून लिहिलेले असणार, समकालीन वृत्त असणार नाही. १८४९ पासून पुण्यात निघत असलेल्या ‘ज्ञानप्रकाशा’चा दावा या बाबतीत अधिक बळकट आहे. आत्मचरित्रांनाही हेच माप लावावे. गणपतराव बोडसांचे ‘माझी भूमिका’ हे नाट्येतिहासाचे एक मोलाचे साधन आहे, पण बोडसांचा जन्म १८८० चा. तेव्हा ‘शाकुंतल’च्या पहिल्या रात्रीविषयी ते जे सांगतील ते मंडळीत ऐकलेले असणार; विसाव्या शतकातील प्रयोगांविषयी ते जे सांगतात ते पाहिलेले व केलेले. एकाच ग्रंथातील दोन पानांचे प्रामाण्य असे वेगवेगळे असू शकते. शंकर बापूजी मुजुमदारांचे स्थान याहून निराळे. पहिल्या प्रयोगात शकुंतलेची भूमिका त्यांचीच होती आणि किर्लोस्करांचे चरित्र त्यांनी १९०४ मध्ये लिहिले. ते प्रत्यक्षदर्शी खरे. पण चोवीस वर्षांनी लिहिणारे, आणि ज्या मंडळीची कीर्ती हीच ज्यांची मिळकत त्या मंडळीतले. अशा साक्षीदाराचे म्हणणे टाकून द्यावयाचे नसते, तसेच एकट्याने उभेही करावयाचे नसते.

इतके सारे तपासून तारीख पक्की मानली तरी खरा प्रश्न पुढेच आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी ‘शाकुंतल’चे सातही अंक झाले नव्हते, झाले ते पहिले चार. ‘सौभद्र’च्या बाबतीतही तसेच. १८ नोव्हेंबर १८८२ च्या प्रयोगात त्याचे पहिले तीन अंकच रंगभूमीवर आले आणि संपूर्ण नाटक पुढच्या वर्षी सादर झाले. ‘रामराज्यवियोग’ १८८४ मध्ये अपुऱ्या स्वरूपातच रंगभूमीवर आले आणि २ नोव्हेंबर १८८५ रोजी किर्लोस्करांचे निधन झाल्याने ते अपुरेच राहिले. ‘पहिला प्रयोग’ असे एकाच शब्दात म्हटले की ही तिन्ही अर्धवट रूपे संपूर्ण नाटकांच्या पंक्तीला बसतात आणि एक महत्त्वाची गोष्ट दृष्टीआड होते. तिन्ही नोंदी शेजारी ठेवल्या असता दिसते ते असे की, नाटक पुरे करून मग ते मंडळीच्या हाती देणे ही किर्लोस्करांची रीत नव्हती. जेवढे अंक सिद्ध झाले तेवढे ते रंगभूमीवर आणीत आणि उरलेले मागाहून येत. मोरोबा वाघोलीकर किंवा बाळकोबा नाटेकर यांच्यासारख्या गवयी नटांचे गळे आणि प्रेक्षकांचा कल प्रत्यक्ष पाहिल्यानंतर पुढचे अंक रंगभूमीवर येत असतील, तर किर्लोस्करी संगीत नाटकाची घडण पाठ्यापेक्षा प्रयोगात शोधावी लागेल. तारखेच्या सूक्ष्म नोंदीतून निघणारा हा निष्कर्ष वाङ्मयीन आहे; ढोबळ नोंदीतून तो कधीच निघाला नसता.

जनकत्वाच्या वादालाही हीच दृष्टी लावता येते. सोकर बापूजी त्रिलोकेकरांच्या ‘नलदमयंती’साठी १८७९ हे वर्ष सांगितले जाते आणि त्यावरून संगीत नाटकाचा मान किर्लोस्करांकडून त्रिलोकेकरांकडे जावा असे प्रतिपादन होते. येथे पहिला आक्षेप असा की, एका बाजूस वर्ष आणि दुसऱ्या बाजूस दिवस, एका बाजूस ग्रंथ की प्रयोग हे अस्पष्ट आणि दुसऱ्या बाजूस निश्चित प्रयोग, अशी तुलना करणे म्हणजे एक शेत बिघ्यांत आणि शेजारचे एकरांत मोजून मोठे कोणते ते ठरविणे होय. दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. त्रिलोकेकरांचे प्राथम्य निर्विवाद सिद्ध झाले, तरी त्यामुळे काळाचा क्रम सिद्ध होईल, परंपरेचा उगम नव्हे. पुढील पन्नास वर्षांच्या नाटक मंडळ्यांनी कोणाचा कित्ता गिरविला, हा प्रश्न तारखेने सुटत नाही. श्री. ना. बनहट्टींनी आपल्या इतिहासाचा पहिला खंड १८७९ पर्यंत आणून थांबविला यामागेही काही कालविवेक आहे आणि तो विवेक मान्य वा अमान्य करता येतो. मात्र तो कॅलेंडरातून आपोआप निघत नाही.

४

तारीख आणि अर्थ यांचा संबंध ‘कीचकवधा’त सर्वांत स्पष्ट दिसतो. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे हे नाटक १९०७ मध्ये रंगभूमीवर आले आणि १९१० मध्ये सरकारने त्याच्यावर बंदी घातली. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, सैरंध्री म्हणजे पीडित देश, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे रूपक सर्वपरिचित आहे. या रूपकाला सुरत येथील काँग्रेसच्या भंगाची आणि टिळकांच्या शिक्षेची पार्श्वभूमी देण्याची लकब टीकालेखनात आढळते. तारखा मात्र तिला साथ देत नाहीत. कर्झन नोव्हेंबर १९०५ मध्येच हिंदुस्थान सोडून गेला होता. सुरतेचा प्रसंग १९०७ च्या डिसेंबरअखेरचा. टिळकांना शिक्षा झाली ती जुलै १९०८ मध्ये. नाटक सुरतेच्या आधीच रंगभूमीवर आले होते. तेव्हा लेखकाच्या हेतूत सुरत किंवा मंडाले शोधणे कालविपर्यास होय. जहाल-मवाळांचा वाद मात्र सुरतेपूर्वीपासून पेटलेला असल्याने त्याचे प्रतिबिंब तेथे असणे सर्वथा शक्य आहे.

परंतु विवेचन येथेच थांबविणे अन्यायाचे होईल. १९०९ मध्ये नाटक पाहणाऱ्या प्रेक्षकाला सुरत ठाऊक होती आणि टिळक मंडालेत आहेत हेही ठाऊक होते. त्याच्या दृष्टीने भीमाच्या तोंडच्या प्रत्येक वाक्याला नवे वजन आले असले पाहिजे. बंदी १९०७ मध्ये न येता १९१० मध्ये आली, हेही त्यावरून समजू शकते. म्हणजे नाटकाचा पहिला प्रयोग लेखकाच्या हेतूची मर्यादा सांगतो आणि नंतरचे प्रयोग ग्रहणाचा इतिहास सांगतात. केवळ पहिल्या तारखेचा शोध घेणारा अभ्यासक अर्धेच काम करतो. मधल्या तारखांची माळ ओवल्याखेरीज ‘कीचकवध’ प्रेक्षकांना केव्हा काय वाटले, हे सांगता येणार नाही.

‘एकच प्याला’विषयीही थोडक्यात हेच. या नाटकाचा पहिला प्रयोग गंधर्व नाटक मंडळीने २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्यास केला. राम गणेश गडकरी २३ जानेवारीलाच निवर्तले होते. चार आठवड्यांचे हे अंतर ध्यानात घेतले म्हणजे नाटकातील पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांची का, याचा उलगडा करण्यास आधार मिळतो आणि प्रयोग पाहून गडकऱ्यांनी अमुक बदल केला असता असल्या तर्कांना जागा उरत नाही. देवलांच्या ‘शारदा’विषयीचा रूढ घोटाळा याहून साधा आहे. नाटक १८९९ चे. बालविवाह प्रतिबंधाचा कायदा १९२९ चा आणि त्याचे ‘सारडा कायदा’ हे नाव हरबिलास सारडा यांच्यावरून पडलेले. नावांच्या सादृश्यावरून नाटकाने कायदा घडविला असे सांगण्याचा मोह होतो. तीस वर्षांचे अंतर तेवढ्यासाठी तरी पाहावे.

५

तारीख तपासताना स्थळाची साक्ष बहुधा दुर्लक्षित राहते. वालचंदनगरचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. इंदापूर तालुक्यातील हे गाव कळंबच्या परिसरात वालचंद हिराचंद यांच्या साखर कारखान्याभोवती गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात वसले आणि संस्थापकाच्या नावाने ओळखले जाऊ लागले. गंधर्व नाटक मंडळीची स्थापना १९१३ ची. आता समजा, एखाद्या जुन्या रसिकाच्या आठवणीत बालगंधर्वांचा ‘स्वयंवर’ १९२० च्या सुमारास वालचंदनगरला झाल्याचे सांगितले आहे. गाव तेव्हा नव्हते; म्हणून आठवण खोटी, असा निकाल घाईचा ठरेल. तीन शक्यता उरतात. वर्ष चुकले असेल. प्रयोग बारामतीस किंवा इंदापुरास पाहिलेला असून नाव मागाहूनच्या वास्तव्याचे चिकटले असेल. अथवा प्रयोग दुसऱ्याच जिल्ह्यातला असून कारखान्याच्या नोकरीसाठी आलेल्या कुटुंबाने ती आठवण आपल्याबरोबर आणली असेल. नवी औद्योगिक वसाहत ही ठिकठिकाणांहून आलेल्या आठवणींची पेठ असते. तेथे सांगितलेले सगळे तेथेच घडलेले असते असे नाही.

स्थळाची परीक्षा करण्यास दळणवळणाची माहिती उपयोगी पडते. दौंड-बारामती हा अरुंद मापाचा लोहमार्ग १९१४ मध्ये सुरू झाला. पडदे, कपडेपट, वाद्ये आणि नटसंच घेऊन हिंडणाऱ्या मंडळीच्या दृष्टीने त्यापूर्वीचा आणि त्यानंतरचा बारामतीचा मुक्काम सारखा नव्हे. एका रात्री पुण्यास आणि दुसऱ्या रात्री बारामतीस खेळ झाल्याची नोंद १९१४ पूर्वीची असेल, तर बैलगाडीचा हिशेब मांडून पाहावा. ऋतूचाही विचार करावा. पावसाळ्यात रस्ते बंद होत. म्हणून मंडळ्या मोठ्या गावी मुक्काम ठोकीत. कारखान्याच्या गावी उसाचे गाळप चालू असताना पाळ्यांवर काम करणाऱ्या माणसांची रात्र मोकळी नसते. पण त्याच हंगामात त्यांच्या हाती पैसा खेळत असतो. यांतील कोणतीही गोष्ट तारीख सिद्ध करीत नाही. पण कोणती तारीख संभवनीय आणि कोणती असंभवनीय, हे तारतम्य त्यामुळे येते. बारामती व इंदापूर भागातील नाट्यप्रयोगांची सूची करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने नगरपालिकेची दप्तरे, पोलिसांचे परवाने, देवस्थानांच्या उत्सवाचे जमाखर्च आणि घरोघरच्या जुन्या पेट्यांतील हस्तपत्रके, या क्रमाने शोध घ्यावा. मुलाखती घ्याव्यात, पण त्या अखेरीस. कारण प्रश्न कोणता विचारावा हे कागद पाहिल्यावरच कळते.

६

हा प्रश्न केवळ मराठीचा नाही, हे पाश्चात्त्य लोकसंगीताच्या एका प्रसिद्ध उदाहरणावरून दिसते. लिव्हरपूलच्या ‘बीटल्स’ या वृंदाचा तेथील ‘कॅव्हर्न’ या तळघरातील पहिला कार्यक्रम कोणता, याची तीन उत्तरे देता येतात आणि तिन्ही एका परीने बरोबर आहेत. ९ फेब्रुवारी १९६१ रोजी त्यांनी तेथे दुपारच्या वेळी प्रथम वादन केले. संध्याकाळचा त्यांचा पहिला कार्यक्रम २१ मार्च १९६१ चा. आणि ‘क्वारीमेन’ या पूर्वीच्या नावाने हा वृंद ऑगस्ट १९५७ मध्येच तेथे येऊन गेला होता. मार्क लुइसन यांच्यासारख्या संशोधकांनी स्थानिक वृत्तपत्रांतील जाहिराती व करारपत्रे चाळून अशी कार्यक्रमसूची सिद्ध केली आहे. ज्यांच्याविषयी ग्रंथांचे ढीग आहेत आणि ज्यांच्या काळात ध्वनिमुद्रण व छायाचित्रण दोन्ही होते, त्यांच्या बाबतीतही ‘पहिला’ या शब्दाची फोड करावी लागते. नाव तेच हवे काय, वेळ कोणती धरावी, वृंदातील माणसे किती बदललेली चालतील? चार अंकांचे ‘शाकुंतल’ आणि दुपारचे ‘कॅव्हर्न’ ही एकाच प्रश्नाची दोन रूपे आहेत.

यावरून प्रयोगसूचीच्या लेखनाविषयी काही पथ्ये निघतात. प्रत्येक तारखेपुढे प्रयोग संपूर्ण की अंशात्मक, मंडळी कोणती, स्थळाचे तत्कालीन नाव काय, हे स्वतंत्रपणे नोंदवावे. साधन समकालीन की उत्तरकालीन हे लिहावे. उत्तरकालीन असल्यास मधली वर्षे मोजून लिहावीत. जाहीर झालेले आणि झालेले, पाहिलेले आणि ऐकलेले, यांची सरमिसळ करू नये. दोन साधनांत विरोध असेल तेथे दोन्ही तारखा द्याव्यात. सोयीची एक ठेवून दुसरी गाळू नये. आणि जेथे वर्षच हाती आहे तेथे वर्षच लिहावे. दिवस व महिना जोडल्याने नोंद भारदस्त दिसते, पण पुढच्या अभ्यासकाचा शोध तेथेच थांबतो. ‘१८४३’ एवढीच नोंद असेल तर कोणीतरी सांगलीच्या दप्तरात पुन्हा शिरण्याचा संभव आहे. पुरी तारीख छापलेली पाहिल्यावर ते कष्ट घेण्याचे त्याला कारण उरत नाही.